देवरुषाचं पद कधी रिक्त नसतं : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला एका कंडक्टर बापाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण

विषय : लहान मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या आजारांसाठी राज्याची वेगळी सल्लागार समिती नेमण्याबाबत

साहेब, मॅडम, सगळ्यांना नमस्कार.

मी एसटीत कंडक्टर आहे, सतरा वर्षं झाली. पत्र लिहायची सवय नाही, रिपोर्ट लिहायची आहे, त्यामुळे हे कुठे कुठे रिपोर्टसारखं वाटेल, सांभाळून घ्या. तुम्हालाच का लिहितोय ते पुढे येईलच. आणि उघडं का लिहितोय, तर बंद पाकिटातले अर्ज मी आधी दोन-तीन ठिकाणी देऊन झालेत, पोच घेतलेली आहे, पोच घरी कपाटात आहे.

मला एक मुलगा आहे, अकरा वर्षांचा, पाचवीत. त्याचं नाव लिहीत नाही. उद्या मोठा झाला आणि त्याने हे वाचलं तर बापाने आपलं नाव गावभर केलं असं त्याला वाटायला नको. गावाचं, दवाखान्याचं, शाळेचं पण नाव लिहीत नाही. तिथली बरीच माणसं चांगली आहेत, माझं भांडण माणसांशी नाहीये, रिकाम्या खुर्च्यांशी आहे.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला, येऊन भेटा. मला वाटलं पुन्हा कुणाचा डबा सांडला असेल किंवा कंपास फेकला असेल. गेलो तर मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्या मुलाचा दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा, आमच्याच्याने होत नाही." रागाने नाही म्हणाले, अगदी चहा पाजून म्हणाले. मी म्हटलं सर, शिक्षण हक्काच्या म्हणजे आरटीई कायद्यात कलम १६ आहे, आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही. ते म्हणाले, आम्ही कुठे काढतोय, तुम्ही स्वतः अर्ज द्या ना. त्या रात्री माझी मुक्कामी गाडी होती. गाडीत झोपायचं असतं, झोप लागली नाही. मग मोबाईलवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सगळा वाचून काढला, तालुक्याच्या गावात नेट बरं चालतं. तीन रात्री लागल्या. काही कलमं दोनदा वाचली. त्यात तुमचं प्राधिकरण सापडलं.

आता पोराचं थोडक्यात सांगतो. थोडक्यात होत नाही पण बघतो.

चार वर्षांचा होता तेव्हापासून एका जागी बसत नव्हता. म्हणजे सगळीच पोरं बसत नाहीत, पण हा अंगणवाडीच्या खिडकीतून बाहेर, रस्त्यावर, दोनदा एसटीच्या समोर, आणि माझ्याच डेपोच्या ड्रायव्हरने उचलून घरी आणून सोडला. आई म्हणायची, तू पण असाच होतास. सासरे म्हणाले, लाडावलाय. अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी येते, वर्षातून दोनदा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तो कार्यक्रम देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. त्या गाडीतल्या डॉक्टर मॅडमनी पोराला दहा मिनिटं नीट बघितलं आणि कार्डावर लिहून दिलं, जिल्ह्याला दाखवा. खरं सांगतो, सात वर्षांत सगळ्यात सरळ काम कुणी केलं असेल तर त्या मॅडमनी. त्यांनी डबल बेल दिली, गाडी पुढे सरकली नाही, तो त्यांचा दोष नाही.

जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलो. भिंतीवर कार्टून, खेळणी, रंगीत चटया, सगळं व्यवस्थित. मानसशास्त्रज्ञ? पद रिक्त. स्पीच थेरपिस्ट आहेत पण त्या आज दुसऱ्या ड्युटीवर. विशेष शिक्षक? पुढच्या महिन्यात विचारा. पुढच्या महिन्यात विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पण विचारलं. आमच्याकडे फेरी रद्द झाली तर कंट्रोलर खिडकीवर लिहून लावतो, माईकवर सांगतो, प्रवासी भांडतात आणि भांडण्याचा त्यांना हक्क असतो. इथे फलाटाला बोर्ड आहे, गाडी कधीची बंद आहे आणि कुणी माईकवर सांगत पण नाही.

तोपर्यंत घरच्यांचं सुरू झालं. बाहेरचं काहीतरी आहे. मी मानत नाही, बायको पण फार मानत नाही, पण चुलतीने गाडी करून नेलंच. तिथे अंगारा, दोरा, लिंबू, एकशे एक रुपये. मी त्या माणसाला शिव्या घालणार नाही, कारण तिथे बसल्या बसल्या माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस दर अमावस्येला, दर पौर्णिमेला हजर असतो. पाऊस असो, यात्रा असो, इलेक्शनची आचारसंहिता असो. त्याची बदली होत नाही. देवरुषाचं पद कधी रिक्त नसतं. मग लोक त्याच्याकडे का जातात यावर अंधश्रद्धेचं भाषण देणाऱ्यांनी आधी जिल्ह्यातली रिक्त पदं मोजावीत असं मला वाटतं.

शेवटी पुणे. आमच्या डेपोपासून पुणे ४० टप्पे आहे, सहा किलोमीटरचा एक टप्पा, करा हिशोब. पहाटे सव्वापाचची गाडी, अकराच्या पुढे पोचते, मग रिक्षा, मग नंबर. मला कर्मचारी म्हणून कुटुंबाचा पास मिळतो, ठराविक दिवसांचा, म्हणून जमलं तरी. पोराचं निदान झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, स्वतःला आवरता येत नाही असा आजार. आणि वाचन-लेखनाची अडचण दिसते, ती आठ वर्षांनंतर तपासू. म्हणजे आरबीएसकेच्या मॅडमनी जे चौथ्या वर्षी दहा मिनिटांत ओळखलं त्याला नाव मिळायला तीन वर्षं गेली. डॉक्टर म्हणाले लवकर आणायला पाहिजे होतं. मी काय बोलणार, मी फक्त मान हलवली. माझी बायको मात्र तिथेच रडली, तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. हे मी विसरू शकत नाही साहेब, बाकी सगळं विसरेन.

आता तक्रारी. मोजून लिहितोय पण सगळ्या सारख्या लांबीच्या नाहीत.

पहिली, प्रवासाची. तुमच्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं की मानसिक आजार असलेल्या कुणालाही, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं धरून, उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये, सेवा राहत्या जागेच्या जवळ पाहिजे. त्याच कलमात लहान मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवेचं नाव वेगळं काढून लिहिलंय, म्हणजे कायदा करणाऱ्यांना मुलं आठवली होती. आणि पुढे असंही आहे की या किमान सेवा जिल्ह्यात सरकारी नसतील तर माणसाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी जावं आणि खर्च सरकारने करावा. वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि दोन मिनिटं गाडीच्या टपाकडे बघत बसलो. आमच्या जिल्ह्यात तर खाजगीतही मुलांचा मानसोपचार बघणारा कुणी नाही, त्यामुळे खर्च मागायचा तरी कशाचा. गेल्या चार वर्षांत मी पुण्याला एकोणतीस वेळा गेलोय. तिकीट फाडायचं काम करतो त्यामुळे फेऱ्या मोजायची सवय आहे. एकोणतीस गुणिले दोनशे चाळीस गुणिले दोन. त्यातल्या प्रत्येक फेरीला माझी एक ड्युटी बदललेली किंवा रजा गेलेली, आणि बायको ब्लाऊज शिवते, तिचा दिवस गेलेला. लग्नसराईत तर तिचं गिऱ्हाईक कायमचं जातं.

थेरपीचं तर बोलायलाच नको. पुण्यात खाजगी सेशन ८०० रुपये, आठवड्यातून दोनदा करा म्हणाले. आठवड्यातून दोनदा २४० किलोमीटर कोण जाणार? मग डॉक्टरांनी बायकोला घरी करायचे प्रकार शिकवले, भिंतीवर वेळापत्रक, छोटी छोटी कामं, काम झालं की चांदणी. चांगलं चाललं. म्हणजे घरी होऊ शकतं, शिकवणारं कुणीतरी जवळ पाहिजे एवढंच.

दुसरी, औषधाची. हे बऱ्याच लोकांना माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहितो. एडीएचडीला जे मेथिलफेनिडेट नावाचं औषध देतात ते शेड्यूल एक्समध्ये येतं. म्हणजे ते विकायला मेडिकलवाल्याला वेगळं लायसन लागतं, चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपून ठेवतो. कारण योग्यच आहे, औषधाचा गैरवापर होऊ शकतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. आमच्या तालुक्यात एकाही मेडिकलमध्ये ते मिळत नाही. एकाने तर चिठ्ठी बघून माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी नशेचं मागतोय. दहा-वीस गिऱ्हाईकांसाठी वेगळं लायसन कोण काढणार, त्याचंही बरोबर. मग औषध पण पुण्याहून. एकदा गोळ्या संपल्या आणि रस्ते पाण्याखाली होते, गाड्या बंद, त्या आठ दिवसांत पोराने वर्गात एका मुलाला पेन्सिल टोचली. ती पेन्सिल शाळेच्या रजिस्टरमध्ये नोंदवली आहे. गोळ्या नव्हत्या हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीत हे एक औषध ठेवता येत नाही का, एवढाच माझा प्रश्न.

तिसरी तक्रार तपासणीची. पोरगं मराठी शाळेत शिकतं. घरी मराठी, गल्लीत मराठी. आणि वाचनाची टेस्ट घेतली ती इंग्रजी कागदावर. मी विचारलं तर म्हणाले आमच्याकडे हीच आहे. आता मी शोधल्यावर कळलं की डाली नावाची टेस्ट आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली, डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची अडचण ओळखण्यासाठी, आणि ती मराठीत पण आहे. म्हणजे वस्तू आहे, गोदामात आहे, स्टॉलवर नाही. आणि हे त्या महाराष्ट्रात, ज्याने १९९६ सालीच लर्निंग डिसॅबिलिटीच्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या होत्या. ती सवलत मिळवायला लागणारा दाखला मुंबईत काढणं आणि आमच्याकडे काढणं यात किती फरक आहे ते एकदा कुणीतरी आमच्याबरोबर येऊन बघावं.

दाखल्यावरून आठवलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, मानसिक आजार पण आहे, एडीएचडी वेगळं म्हणून नाही. आरोग्य खात्यात विचारलं तर म्हणतात हे शिक्षणाचं. शिक्षणवाले म्हणतात दिव्यांगचं प्रमाणपत्र आणा. दिव्यांगवाले म्हणतात यादीत नाही. हद्दीवरच्या गावाचं असंच असतं, या बाजूच्याला वाटतं त्या बाजूचा गाडी सोडेल. आणि हा आजार आहे की खोड आहे असा प्रश्न मला एका क्लार्कने विचारला होता. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ म्हणतं आजार ठरवताना डब्ल्यूएचओची आजारांची आयसीडी यादी बघा. त्या यादीत एडीएचडी आहे. मी प्रिंट काढून ठेवली आहे, पुढच्या वेळी दाखवणार.

चौथी, शाळा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या केसमध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, विशेष शिक्षक एक आहेत, ते मोटरसायकलवर सगळ्या शाळा फिरतात, आमच्याकडे महिन्यातून एकदा येतात, कधी दोनदा. माणूस सोन्यासारखा आहे, पेट्रोलमध्येच पगार जात असेल. मग जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुकदेब साहा केसमध्ये अजून सांगितलं की शंभर आणि त्याच्या वर विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर पाहिजे, शंभरच्या आतल्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, आणि जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती. आमच्या मुलाच्या शाळेचा पट सहाशेच्या वर आहे. मी मुख्याध्यापकांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पद मंजूर करून आणा, मी उद्या घेतो." खरं सांगू, ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, पाचवीच्या एका वर्गात अडुसष्ट पोरं आहेत, त्यात माझा एक. त्या सरांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित दाखला घेऊन जा म्हटलं असतं. म्हणून तर म्हणतोय हे शाळेशाळेत भांडून सुटणारं नाही, वर कुणीतरी बसून सोडवायला पाहिजे.

पाचवी माझी नाही, दुसऱ्याची आहे. पुण्यात ओपीडीच्या बाकावर एक गृहस्थ भेटले, शेतकरी, आमच्याच बाजूचे. मुलगी पंधरा वर्षांची, जेवणच सोडलेलं, हातावर ब्लेडचे वण. ॲडमिट करा म्हणाले, पण मुलांचा वेगळा वॉर्ड नव्हता, मोठ्या बायकांच्या वॉर्डात ठेवायचं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ८७ सांगतं की अठराच्या आतल्यांना मोठ्यांपासून वेगळं ठेवा, त्यांच्या वयाला साजेशी जागा द्या. त्या माणसाला कलम माहीत नव्हतं, त्याला फक्त भीती वाटत होती. तो तिला घेऊन घरी गेला. पुढे काय झालं मला माहीत नाही. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण तिथलं नाव काढलं की मुलीच्या बापाच्या पोटात गोळा येतो, लग्नाचं काय, गावात काय सांगायचं. मुलांसाठी वेगळी, साधी, जिल्हा रुग्णालयातच एखादी खोली असती तर तो थांबला असता असं मला वाटतं.

मध्येच एक चांगलं पण सांगतो, नाहीतर नुसता रडगाणं गातो म्हणाल. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. माझी बायको एकदा रात्री पार कोलमडली होती, मी ड्युटीवर, पोराने टीव्ही फोडलेला. तिने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मराठीत, शांतपणे, पंचवीस मिनिटं ऐकून घेतलं. तिला त्या रात्री तेवढंच हवं होतं. कुणाला गरज असेल तर नंबर लिहून ठेवा. फक्त फोनवरून पोराचा अक्षर गिरवायचा हात कुणी धरू शकत नाही, तेवढ्यासाठी माणूस समोर लागतो.

आता तुम्हाला का लिहिलं ते. राज्यातल्या मानसिक आरोग्य संस्थांच्या सेवेचे निकष ठरवणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं आणि सेवेतल्या त्रुटींच्या तक्रारी घेणं हे कायद्याने तुमचं काम आहे. प्राधिकरणावर कोण कोण असावं ते कलम ४६ मध्ये दिलंय. सचिव आहेत, नामवंत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स आहेत. आजारातून गेलेल्यांचे दोन प्रतिनिधी, काळजी घेणाऱ्यांचे दोन, संस्थांचे दोन. यादी चांगली आहे, मला मनापासून आवडली, पेशंटला खुर्ची दिलीय. पण त्या यादीत लहान मुलांचा डॉक्टर असलाच पाहिजे असं कुठे नाही. शिक्षक नाही. अंगणवाडीताई नाही. पालक म्हणून जे येतील ते मोठ्या माणसाचे पालक असू शकतात. म्हणजे योगायोगाने कुणी आलं तर मुलांचा विषय निघणार. गाडीत लहान मुलांसाठी सीट राखीव नाही, आईच्या मांडीवर बसा, असं झालं हे.

आणि आकडा तर कुणाकडेच नाही. २०१५-१६ मध्ये निमहान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के म्हणे काही ना काही आजार. तो सर्व्हे बारा राज्यांत झाला, गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, छत्तीसगड होतं, आपल्या शेजारची तीन. महाराष्ट्र नव्हता. आणि तेराच्या आतली पोरं तर त्या ७.३ मध्ये धरलेलीच नाहीत, म्हणजे माझा पोरगा दोन्हीकडून बाहेर. किती प्रवासी आहेत माहीत नसताना किती गाड्या सोडायच्या हे कसं ठरवतात, मला आमच्या धंद्यात तरी कधी बघायला मिळालं नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. त्याने सांगितलं की तिकडे २००८ सालच्या कायद्याने मुलांच्या बिहेवियरल हेल्थसाठी राज्याची वेगळी सल्लागार परिषदच नेमलीय. तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही, वेटिंग तिकडे पण असतंच म्हणाला. पण निदान मुलांसाठी बसायचं एक टेबल आहे. आपल्याला टेबल बनवायला अमेरिकेची गरज नाही, आपल्याकडे सुतार भरपूर आहेत.

तर मागण्या.

प्राधिकरणाने राज्य सरकारला लेखी सल्ला द्यावा की मुलांच्या मानसिक आणि वर्तनाच्या आरोग्यासाठी राज्य सल्लागार समिती नेमा. त्यात बालमानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ तर हवेतच, पण एक विशेष शिक्षक, एक जिल्हा परिषद शाळेचा साधा वर्गशिक्षक, एक अंगणवाडीताई किंवा आशाताई, आणि किमान तीन पालक, त्यातले दोन तरी तालुक्याच्या गावचे. आणि एक असा तरुण किंवा तरुणी जे लहानपणी या सगळ्यातून गेलेत. आरोग्य, शालेय शिक्षण, महिला व बालविकास आणि २०२२ मध्ये निघालेला दिव्यांग कल्याण विभाग, या चारही खात्यांचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी तिथे समोर बसलेला पाहिजे, म्हणजे हे त्यांचं ते त्यांचं होणार नाही. प्राधिकरणाने वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असं कायदा सांगतो, या समितीनेही तेवढ्या घ्याव्यात, आणि चारपैकी दोन मुंबई-पुण्याच्या बाहेर. इतिवृत्त मराठीत, पंधरा दिवसांत, कुणालाही वाचता येईल असं.

प्रत्येक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कुठलं पद मंजूर, कुठलं भरलेलं, कधीपासून रिकामं, ही यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करा आणि त्या केंद्राच्या दारावर पण लावा. पद भरता येत नसेल तर निदान सांगा, माणूस फुकटचा हेलपाटा घालत नाही.

उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस मुलांचा करा. मंगळवार तर मंगळवार, पण दर मंगळवार. मोठं हॉस्पिटल मागत नाहीये. आईबापांना घरी करायचं शिकवणारं एक माणूस, त्या दिवशी, त्या खोलीत.

शेड्यूल एक्सची औषधं जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीतून मिळावीत. डाली किंवा तिच्यासारखी मराठी टेस्ट प्रत्येक जिल्ह्यात, आणि ती घेता येणारा माणूस पण, नुसती पेटी नको.

शाळांसाठी शिक्षण खात्याकडून एक परिपत्रक, वागणुकीच्या कारणावरून पालकाकडून "स्वतःहून" दाखल्याचा अर्ज घेणं बंद. घेतलाच तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पालकाला बोलावून विचारायचं की खरंच स्वतःहून का. समुपदेशकाच्या पदांचं काय झालं हे समितीने कोर्टाच्या निकालासमोर ठेवून जिल्हावार विचारावं.

आणि राज्याचा स्वतःचा सर्व्हे, पाच ते अठरा वयाचा, ज्यात आश्रमशाळा आणि ऊसतोड कामगारांची पोरं पण मोजली जातील. आमच्या गाड्यांमधून दिवाळीनंतर ती पोरं कारखान्याकडे जाताना मी दरवर्षी बघतो, त्यातलं कुठलं पोरगं कुठल्या कार्डावर आहे देव जाणे.

एवढंच आहे. पैसे लागतील हे मला कळतं. यातलं बरंचसं नवीन नाहीये, कायद्यात आणि निकालात आधीच लिहिलेलं आहे.

दाखला मी घेतलेला नाही. अर्जही दिलेला नाही. पोरगं रोज शाळेत जातंय, वर्गाबाहेरच्या बाकावर बसतंय कधी कधी, पण जातंय. त्याला सगळ्या डेपोंचे कोड पाठ आहेत, गाडीच्या आवाजावरून मॉडेल सांगतो, आणि बाराखडीत अजून ए-ऐ ला अडतो.

समिती झाली तर मला पालक म्हणून बोलवा किंवा माझ्यापेक्षा शहाणं कुणी असेल तर त्याला बोलवा. मला प्रवासभत्ता नको, पास आहे. फक्त तारीख आठ दिवस आधी कळवा, ड्युटी बदलून घ्यावी लागते.

आपला,
एक वाहक, आणि एका पाचवीतल्या पोराचा बाप